धुराची वळणवाट
अठराव्या शतकात स्वीडनमध्ये सरपणाची चणचण भासू लागली. 1767 साली कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाब्यान व्रेडे यांनी खोली तापवणारी शेगडी नव्याने आखली. गरम धूर थेट धुराड्यात न सोडता तो विटांच्या उभ्या मार्गांतून वर-खाली फिरवला. विटा तापतात आणि आग विझल्यावरही कित्येक तास ऊब देतात.

खरं कसब वळणावरच्या विटेत आहे. तिची आतली कड गोलसर घडवावी, नाहीतर धूर अडखळतो. एका विटेला खाच आणि दुसरीला तिच्यात नेमकी बसणारी कड दिली, की सांधा घट्ट बसतो. विटेचा साचा मात्र थोडा मोठाच करावा, कारण माती वाळताना आणि भाजताना आटते. आणि धुराच्या मार्गांतली काजळी काढायला झाकण हवंच!