झटका, हिसका आणि झोकांडी

इंग्रजीतल्या ‘जर्क’चा अर्थ बहुतेक जण ‘झटका’ असा सांगतात आणि ‘जोल्ट’, ‘लर्च’, ‘ट्विच’ यांनाही तोच शब्द लावून मोकळे होतात. त्यावरून मराठीत अचानक होणाऱ्या हालचालींचे शब्द कमी, असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. मोहदरी घाटातून सिन्नरकडे येणारी एसटी खड्ड्यात आदळली की बसतो तो गचका, म्हणजे जोल्ट. उभ्या प्रवाशाचा तोल जातो ती झोकांडी, म्हणजे लर्च. हातातली पिशवी कुणी ओढली तर तो हिसका, हा खरा जर्क. डोळा लवतो, ते ट्विच. बिबट्या झडप घालतो, रानडुक्कर मुसंडी मारते. इथे प्राणी बदलला की शब्दही बदलतो.

फरक आहे तो मांडणीत. इंग्रजी बहुधा वेग आणि तऱ्हा क्रियापदातच कोंबते; मराठी साधे क्रियापद ठेवून आधी गर्रकन, टुणकन, खाडकन असे काहीतरी जोडते. ही बोलीतली, पोरकट भाषा आहे, लेखी कामाची नव्हे, असा आक्षेप येतो. पण १८३१ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही असे शब्द ठायी ठायी नोंदलेले आहेत. आणि सिन्नरजवळच्या माळेगाव किंवा मुसळगावच्या कारखान्यात यंत्राची सूचना लिहिताना ‘झटका देऊ नका’पेक्षा ‘हिसका मारू नका’ हे कामगाराला अधिक नेमके कळेल. ‘फ्लिंच’ला मात्र एकच शब्द पुरत नाही, तिथे ‘अंग चोरणे’ असेच म्हणावे लागते, आणि ते चांगलेच आहे.