हाफकिन संस्थेचा वाढदिवस व तिचे खरे पाठीराखे
(शाळेच्या पटांगणात भरलेल्या सभेत एका मास्तरांनी केलेले भाषण)



आपण देवाच्या जत्रा भरवतो, थोरांच्या पुण्यतिथ्या करतो. आज आम्ही तुम्हांस एका वेगळ्याच वाढदिवसाची हकीकत सांगावयास उभे आहोत. हा वाढदिवस मुंबईस परळ येथे असलेल्या हाफकिन संस्थेचा. 10 ऑगस्ट 1899 रोजी गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि 2024 साली तिला सव्वाशे वर्षे पुरी झाली. आपणां कुणब्या-कारागिरांचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ उठावी, तापाने अंग फणफणावे आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस जावा, असा तो काळ. लोक शहर सोडून गावाकडे पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. 1897 साली पुण्यात रोगी शोधण्यासाठी गोरे शिपाई घराघरांत शिरले. तेव्हा रोगाइतकीच सरकारी उपायांचीही धास्ती लोकांस बसली.

अशा वेळी हाफकिनसाहेब मुंबईस आले. ते मूळचे ओडेसा शहरचे, जन्माने यहुदी. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई मिळाले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णतेने ते मारून त्यांची लस केली. मेलेला जंतू रोग देत नाही; पण तो टोचला म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटते व ते आधीच सावध होते. 10 जानेवारी 1897 रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जे औषध दुसऱ्यास द्यायचे त्याचा पडताळा आधी आपल्या अंगावर घ्यायचा, ही केवढी सचोटी!

परंतु बंधूंनो, एकट्या हाफकिनने हे काम तडीस गेले नसते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला व तेथील सुमारे दीडशे कैदी आपखुशीने दंड पुढे करून उभे राहिले. टोचून न घेतलेल्यांच्या मानाने टोचून घेतलेल्यांत रोग फारच थोडा झाला, आणि लस लागू पडते हे त्यातून दिसले. त्या कैद्यांची नावे आज कोण घेतो? तिसरे आगाखान तेव्हा वीस वर्षांच्या आसपासचे. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि ते पाहून हजारो खोजा लोकांनी टोचून घेतले. पैशाची देणगी मोठी खरी. पण चारचौघांत आपला दंड पुढे करणे ही त्याहून मोठी देणगी, असे आम्हांस वाटते.

आपल्या माणसांचेही स्मरण या दिवशी केले पाहिजे. गिरणी कामगारांचे पुढारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगनेच गेले. पुढच्याच महिन्यात, 10 मार्च रोजी, पुण्याकडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी आपल्या पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते. हाफकिनने स्वतःस टोचून घेतल्यास त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. विद्या तयार झाली होती, पण गोरगरिबांच्या उंबऱ्यापर्यंत पोचली नव्हती.

विद्येच्या मार्गात संकटेही येतात. 1902 साली पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनला कामावरून दूर केले गेले. पुढे चौकशीत दिसले की सर्व 19 जणांस एकाच बाटलीतील लस दिली होती आणि दोष गावात ती बाटली उघडताना घडला असला पाहिजे. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले व 1907 साली तो निर्दोष ठरला. पुढे 1925 साली संस्थेला त्याचेच नाव दिले गेले. तोवर प्लेगच्या लसीचे सुमारे 2 कोटी 60 लाख डोस येथून बाहेर पडले होते. प्लेग हा देवीचा कोप नसून उंदराच्या अंगावरील पिसवांनी पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली दाखवले होते. परळच्या प्रयोगशाळेतील लिस्टन यांच्या कामाने ते आणखी पक्के झाले.

आता कोणी म्हणेल, प्लेग गेला, मग ही संस्था आम्हांस कशाला? बाबांनो, ऑगस्ट महिना म्हणजे तणाचा, गवताचा आणि सापांचाही महिना. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक आपल्यासारखी खेड्यांतली. घोड्याच्या अंगात विष थोडे थोडे, वाढत्या मापाने टोचतात. घोड्याचे रक्त त्यावर उतारा तयार करते. त्या रक्तातून ही प्रतिविष लस काढतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर ती चालते. अशी लस परळच्या या संस्थेने तयार केली. पुढे लसी करण्याचा कारभार वेगळा होऊन हाफकिनच्याच नावाच्या सरकारी महामंडळाकडे गेला.

तरीही आमच्या शाळेतील एका मुलाचा बाप चार वर्षांमागे देवळापुढे मंत्र ऐकत पडून राहिला. रात्र सरली, तसा तोही सरला. दवाखाना दोन कोसांवर होता. लस असून माणूस मेला, ही लाज कोणाची?

म्हणून संस्थेचा वाढदिवस आपण असा करू. साप चावला की घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने विष ओढायचे नाही. चावलेला हात-पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला चालू न देता, 108 ची गाडी बोलवायची व थेट सरकारी दवाखाना गाठायचा. तेथे लस शिल्लक आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत उठून विचारायचे. आणि लेकरांना ठरल्या दिवशी लशी टोचून आणायच्या.

भायखळ्याच्या कैद्यांपाशी धन नव्हते, मान नव्हता. होता तो एक दंड, आणि तोच त्यांनी पुढे केला. तेवढे तर आपल्यापाशीही आहे.