पत आणि चलती
(खमरिया येथे मराठी वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



पत्त्यांच्या खेळाविषयीचे लेखन मराठीत आणताना दोन शब्द अनुवादकाला हमखास अडवतात. पोकर खेळणारे त्यांना ‘टेबल इमेज’ आणि ‘मोमेंटम’ म्हणतात. ‘प्रतिमा’ आणि ‘संवेग’ हे प्रतिशब्द कोशात तयार आहेत. पण पहिला देवघरातला वाटतो आणि दुसरा पदार्थविज्ञानातला. मला ‘पत’ आणि ‘चलती’ हे शब्द अधिक जवळचे वाटतात. या दोहोंचा जिंकण्याशी कितपत संबंध आहे, एवढेच आज मांडावयाचे आहे.

पोकर आपणांस परका वाटला, तरी त्याचा भाऊबंद तीन पत्ती दिवाळीच्या रात्री घरोघरी खेळला जातो. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत ना जोडी असते, ना क्रम, ना एक रंग. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात रिकामेच! तरीही डाव रंगतो, कारण इतर सर्वांनी पाने टाकली की शेवटी उरलेला गडी आपली पाने न दाखवता सारी रक्कम उचलतो. तेव्हा हातात काय आहे याइतकेच, हातात काय असावे असे इतरांना वाटते, यालाही महत्त्व येते. हे वाटणे म्हणजेच पत.

तिचे मोल आकड्यांत मांडता येते. मध्ये शंभर रुपये आहेत आणि रिकाम्या हाताने आपण पन्नास लावून हूल दिली, असे समजा. आपली ख्याती जपून खेळणाऱ्याची असेल आणि शंभरांपैकी पन्नास वेळा प्रतिपक्ष माघार घेत असेल, तर ५,००० मिळतात, २,५०० जातात. ख्याती थापाड्याची असेल आणि तो पंचवीस वेळाच माघार घेत असेल, तर मिळतात २,५०० आणि जातात ३,७५०. पाने तीच, रक्कम तीच. फरक केवळ पतीचा. पण पत वापरली की खर्च होते. हूल एकदा उघडी पडली की पुढच्या हुलीवर विश्वास बसणे कठीण. मग चतुर गडी चांगल्या पानांची वाट पाहतो आणि आपल्या बदनामीचेच पैसे करतो.

चलतीचे तसे नाही. नीट पिसलेल्या पानांना मागच्या डावाची आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल येईलच’ या भरवशावर लोक पैसे लावीत गेले आणि बुडाले. ‘आज माझीच चलती आहे’ असे मानणारा हीच चूक उलट्या बाजूने करतो. २०१७ साली पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ या संगणक-कार्यक्रमाने वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. जिंकल्याने तो चढला नाही, हरल्याने चिडला नाही.

मग चलती सर्वस्वी भ्रम आहे काय? तसेही नाही. सलग चार डाव जिंकणाऱ्यापुढे रकमेचा ढीग वाढतो, इतर बिचकतात, लवकर माघार घेतात, आणि त्याची हूल पचते. पण हे बळ पानांत नसून इतरांच्या मनात आहे. चलतीचा वेष घेतलेली ती पतच होय. घात होतो तो जिंकणारा स्वतःच त्या वेषाला भुलतो तेव्हा. कालपर्यंत जी पाने तो टाकून देई, त्यांवर आज पैसे लावतो. हरणारा तर याहून अधिक फसतो. द्यूतसभेत शकुनीचे कौशल्य सर्वश्रुत होते. तरीही धर्मराजाने धन, राज्य, बंधू, स्वतः आणि अखेर द्रौपदी, असा पण चढवीतच नेला.

कायद्यालाही या प्रश्नाचा विचार करावा लागला. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र तो मान दिला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, तेव्हा कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला. दूरध्वनीच्या पडद्यावर समोरच्याचा चेहराही नसतो. पतीला तेथे वाव थोडा उरतो आणि चलतीचा भास तेवढा रात्रभर सोबत करतो. महिन्याचा पगार त्या भासापायी एका रात्रीत जाऊ शकतो.

आपली वसाहत दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वाढलेली आहे. हजार दिवस अपघात झाला नाही म्हणून हजार-एकाव्या दिवशी कोणी खिशात काडेपेटी घेऊन आत जात नाही. पत्त्यांच्या फडावरही हीच शिस्त हवी. दुसऱ्याच्या मनातील आपली पत ओळखावी, तिचा हिशेब ठेवावा. चलतीवर मात्र घरखर्चातील एक रुपयाही लावू नये.