गुरुवारीही न थांबणारं यंत्र

(पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कारखान्यांच्या संगणक विभागांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  आपण सर्व्हर कसा निवडतो आणि तो कसा निवडायला हवा, एवढ्याच विषयावर मला बोलायचं आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याला संगणकाची मोठी परंपरा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली, १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या ‘एका’ या महासंगणकानं ११७.९ टेराफ्लॉप्सचा वेग गाठून जगात चौथा क्रमांक मिळवला. त्या यशाचा अभिमान प्रत्येक पुणेकराला आहे. पण आपल्या कामाचा धडा मला सी-डॅकच्याच फेब्रुवारी २०१३ च्या ‘परम युवा-२’मध्ये दिसतो. आधीच्या यंत्रणेची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप्स होती, नव्या यंत्रणेची ५२४. आणि वीज मात्र सुमारे ३५ टक्के कमी. झिऑन प्रोसेसरला झिऑन फाय सहप्रोसेसरांची जोड देऊन हे साधलं. कोणतं गणित कोणत्या चिपवर कमी विजेत होईल, हा विचार खरेदीच्या आधी झाला होता.

आपल्या कारखान्यांत हा विचार क्वचित होतो. पर्चेस विभागाकडे तीन कोटेशन येतात, त्यांत कोअरची संख्या, रॅम आणि किंमत असते, आणि सगळ्यात स्वस्ताला ऑर्डर जाते. हाच कारखाना सीएनसी मशीन घेताना आधी जॉब देऊन ट्रायल घेतो, सायकल टाइम मोजतो, मगच पैसे मोजतो. सर्व्हरच्या वाट्याला ती शिस्त का येऊ नये?

पहिली गोष्ट भाराची. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला प्रेस थांबतात, शॉप फ्लोअर रिकामा होतो. सर्व्हर रूम मात्र चालूच असते. २००७ मध्ये गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हल्झल यांनी दाखवून दिलं, की हजारो सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के भारावरच चालतात आणि त्या काळचा चांगला सर्व्हरही जवळपास रिकामा असताना कमाल विजेच्या निम्मी वीज खातो. आजची यंत्रं यात बरीच सुधारली आहेत, पण सगळी सारखी सुधारलेली नाहीत. म्हणून विक्रेत्याकडे पूर्ण भाराचा आकडा मागून भागत नाही. स्पेकपॉवर या चाचणीत दर दहा टक्क्यांच्या पायरीवर आणि निव्वळ रिकाम्या अवस्थेतही काम आणि वीज मोजली जाते. ईआरपी, हजेरी, स्टोअर यांसाठी सर्व्हर घेणाऱ्यांनी या तक्त्याच्या खालच्या ओळी वाचाव्यात. त्यांचं यंत्र वर्षातले बहुतेक तास तिथंच चालणार आहे.

डिझाइन विभागाची गोष्ट अगदी वेगळी. गाडीच्या धडकेचं किंवा हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन रात्रभर पूर्ण भारावर चालतं. सर्व्हरसाठीच्या २०१७ च्या पहिल्या एपिक प्रोसेसरमध्ये कमाल ३२ कोअर होते, २०२४ मध्ये एका सॉकेटात १९२ मिळू लागले. आकडा मोहात पाडतो. पण हवेच्या प्रवाहाच्या गणितात कोअर बहुधा मेमरीची वाट पाहत बसतात. बारा मेमरी चॅनेलांपैकी सहाच भरले, तर मेमरीचा प्रवाह निम्म्यावर येतो आणि महागडे कोअर नुसते तापतात. त्यातून सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअरच्या हिशेबानं असेल, तर सर्व्हरपेक्षा लायसन्सच भारी पडतं. अशा ठिकाणी कमी कोअरचा, जास्त वेगाचा आणि सगळे चॅनेल भरलेला सर्व्हर स्वस्त ठरतो, जरी त्याचं कोटेशन महाग असलं तरी. माझं मत ठाम आहे: एकच मॉडेल दोन्ही कामांसाठी घेणं ही सोय पर्चेसची आहे, कारखान्याची नाही.

पॉवर सप्लायकडे कुणी पाहतच नाही. सर्व्हरला लागतात ३०० वॅट आणि आत बसवलेले असतात १६०० वॅटचे दोन. प्रत्येकावर दहा टक्क्यांहूनही कमी भार येतो, आणि तिथं त्यांची कार्यक्षमता सगळ्यात वाईट असते. पॉवर सप्लायच्या कार्यक्षमतेच्या टायटॅनियम दर्जात दहा टक्के भारावरचीही कसोटी आहे, प्लॅटिनममध्ये ती नाही. योग्य मापाचा पॉवर सप्लाय मागितला तर बहुतेक कंपन्या देतात. मागावा लागतो एवढंच.

आता हिशेब मांडू. सरासरी ५०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षाला ४,३८० युनिट खातो, पाच वर्षांत २१,९००. एसी आणि यूपीएस धरून खोलीचा एकूण वापर सर्व्हरच्या १.८ पट असेल, तर तो आकडा ३९,४२० वर जातो. युनिटला दहा रुपये धरले तरी चार लाखांच्या घरात. हा खर्च कोटेशनवर कुठंच नसतो.

खोली थंड किती ठेवायची, याचाही विचार व्हावा. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी अ‍ॅशरे या संस्थेनं १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे. तरी आपल्याकडे सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसणारी मुलं मी पाहतो. मात्र २७ च्या वर चढण्याची घाई नको. आतले पंखे जोरात फिरू लागतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. बाष्पीभवनावर चालणारं कूलिंग वीज वाचवतं, पण पाणी पितं. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. शहराला पाणी देणाऱ्या पवना धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊरजवळ गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. २०१५ पासून पुणे हे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं एक केंद्र आहे, आणि आपल्या शहरात डेटा सेंटरसाठी जमिनी घेतल्या जात आहेत. इथं बसणारा प्रत्येक वॅट कुठल्या ना कुठल्या मार्गानं थंड करावा लागणार आहे. कमी तापणारा सर्व्हर निवडणं हा पाण्याचाही निर्णय आहे. लहान कारखाने आणि मोठी केंद्रं, दोघांनाही कूलिंगसाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरण्याची अट असावी, असं मला वाटतं.

परिषदेनं आज एक ठराव करावा, ही माझी विनंती आहे. यापुढं आपल्यापैकी प्रत्येकानं टेंडरमध्ये पाच वर्षांच्या विजेचा खर्च किमतीत धरावा, रिकाम्या अवस्थेतल्या वॅटचा आकडा लेखी मागावा आणि आपल्याच कारखान्यातलं एक खरं काम देऊन चाचणी घ्यावी. त्या चाचण्यांचे आकडे एकमेकांना द्यावेत. चाकणमधल्या एखाद्या छोट्या व्हेंडरला स्वतः चाचणी घेणं परवडणार नाही, त्याला तुमचे आकडे उपयोगी पडतील. पुढच्या वर्षी इथं येताना ते सोबत आणा.