फुलांची पुडी आणि मोबाइलचा पडदा



गावातल्या गावात घरपोच फुले देणाऱ्या मोबाइल ॲपची आखणी कशी असावी, हा आमचा आजचा विषय. कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाला या विषयाशी काय कर्तव्य, असे काहींच्या मनात आले असेल. कर्तव्य एवढेच की, पडद्यावर कोणते बटण कोठे बसवावयाचे हे कोणी तरी कचेरीत बसून ठरवितो आणि त्यावरून दुसऱ्या कोणी पहाटे किती वाजता उठावयाचे ते ठरते. पूर्वी हे काम गिरणीचा भोंगा करी. भोंगा सगळ्या वस्तीला ऐकू जाई, त्याच्याविरुद्ध गेटसभा घेता येई. बटण मात्र ज्याच्या त्याच्या खिशात निमूट बसलेले असते.

या आखणीला त्या धंद्यातील मंडळी 'युजर एक्सपीरियन्स' म्हणतात. म्हणजे वापरणाराला काय अनुभव यावा याचा विचार. आमची शाळा नववीत सुटली, पण शब्द समोर आला की त्याचा अर्थ विचारण्याची खोड सुटली नाही. म्हणून विचारतो : वापरणारा म्हणजे कोण?

ॲप निघण्यापूर्वी फुले घरी येत नव्हती असे नाही. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतून व चाळींतून फुलपुडीचा रतीब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो आजही चालू आहे. दाराच्या कडीला पिशवी अडकविलेली असते. पुडीवाला पहाटे येतो, पानात बांधलेली पुडी तीत टाकतो आणि कोणाची झोप न मोडता निघून जातो. सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद, संकष्टीला दुर्वांची जुडी. हे त्याला सांगावे लागत नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला. आणि एक गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. घरात कोणी वारले म्हणजे सुतकात पूजा बंद, म्हणून पुडी बंद. ही बातमी पुडीवाल्याला जिन्यातच समजते. तो मुकाट्याने पुडी थांबवितो आणि दिवस झाल्यावर पुन्हा सुरू करतो. आता ॲप काय करते? चार दिवस फुले मागविली नाहीत की त्या घरच्या फोनवर हसऱ्या चेहऱ्यासह निरोप येतो : 'आम्हांला विसरलात का?' ज्या घरी माणूस गेले आहे तेथे हा निरोप! 'आज नको' आणि 'मी सांगेपर्यंत नको' अशी दोन बटणे, आणि कारण विचारावयाचे नाही, एवढे केले तरी ही आपत्ती टळते.

जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणत नाही. पुडीवाल्याला पगारी रजा नव्हती, आणि दोन-दोन महिन्यांचे पैसे बुडवून बिऱ्हाड हलविणारे सभ्य गृहस्थही होते. (आजच्या श्रोत्यांत अर्थातच कोणी नसतील.) ॲपमध्ये हिशेब लेखी राहतो, हा मोठा लाभ आहे. तो सोडू नये.

ग्राहकाच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. अक्षर मोठे असावे, भाषा मराठी असावी, छायाचित्र आजच्या मालाचे असावे. बाजारात शेवंती किलोने, गुलाब गड्डीने, दुर्वा जुडीने आणि गजरा हाताच्या मापाने मिळतो. पडद्यावर सगळ्यांपुढे 'एक नग' असे लिहिले तर घेणारा आणि देणारा दोघेही फसतात. अबोली आली नाही तर काय चालेल, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावे; म्हणजे भल्या पहाटे मंडईत उभ्या असलेल्या माणसावर तो निर्णय पडत नाही.

आता दुसरी बाजू. दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे जाऊन पाहा. फुले ताजी राहावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडलेले असते. हार ओवणाऱ्या बाईचा उजवा हात सुईला, डावा फुलांत, आणि दोन्ही ओले. तिच्याजवळच्या फोनवर मागणी येते. थोड्या सेकंदांत 'स्वीकारा' हे बटण दाबले नाही तर मागणी दुसऱ्याकडे जाते. ओल्या बोटाला काचेचा पडदा नीट दाद देत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा दाबते. तोवर मागणी गेलेली असते आणि तिच्या नावापुढे 'नाकारली' अशी नोंद झालेली असते. काम नाकारल्याची ही खोटी नोंद कोणी केली? मालकाने नव्हे, मुकादमाने नव्हे. ओला हात ज्याने कधी पाहिला नाही अशा आखणीने केली.

मागणी रद्द करण्याचे बटणही असेच. चपलेचा जोड परत फळीवर ठेवता येतो. मापाने ओवलेला हार दुपारपर्यंत मान टाकतो. तेव्हा 'हार ओवायला घेतला' अशी खूण पडद्यावर उमटली की त्यानंतर रद्द करणाराने मजुरी द्यावी, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट दिसले पाहिजे. दिसले तर बहुतेक लोक मान्य करतात. लोक वाईट नसतात, त्यांना दाखविलेले नसते.

आणि ते तारे! वैशाखाच्या उन्हात दुचाकीवरून आणलेला गजरा कोमेजला की तारा कापला जातो आणणाऱ्या पोराचा. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात, त्या संध्याकाळी उमलतात. भर दुपारी दहा मिनिटांत गजरा देण्याचे वचन कोणाच्या सोयीचे, हे आम्हांला अजून कोणी पटवून दिलेले नाही. रात्री आठपर्यंत मागणी घ्यावी, गल्लीवार वाटणी करावी, सकाळी एका फेरीत पोचवावी. रतीब म्हणजे दुसरे काय होते?

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. राजस्थानने २०२३ मध्ये व कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात, काम वाटणाऱ्या यंत्रणेविषयी कामगाराला माहिती मिळण्याचा हक्क आहे. तेवढ्याने आमचे समाधान नाही. यंत्रणा बांधून झाल्यावर माहिती देणे निराळे आणि बांधताना विचारणे निराळे.

म्हणून फुलांचे ॲप काढू इच्छिणाऱ्या आपल्या गावच्या तरुणांकडे आमची मागणी साधी आहे. नवा पडदा तयार झाला की तो पहाटे मंडईत घेऊन जा, हार ओवणाऱ्या बाईजवळ बसा आणि फोन तिच्या ओल्या हातात द्या. ती कोठे अडते ते लिहून घ्या. त्या तासाची मजुरी तिला द्या, आणि तो खर्च आखणीच्या खर्चातच धरा.