भुतं भाजूया! कढईतली हॅलोवीन बिस्किटं आणि एक सापाचं ताट

(या भागाचं लिखित रूप. बोललं गेलं तसंच बरंचसं ठेवलं आहे. प्रमाणं मात्र नीट बघून लिहिली आहेत, म्हणजे करताना पुन्हा पुन्हा ऑडिओ मागे न्यायला नको.)

एसटीत बसून ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, काहीही चालेल. फक्त मध्ये एकदा कागद-पेन लागेल, कारण आज आपण बिस्किटं करणार आहोत. आणि तीही भुतांची.

मी बोलतेय मार्गासनीतून. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला यायचं आणि वेल्ह्याच्या दिशेने आत वळायचं, की आमचं गाव लागतं. राजगडला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना हे नाव पाठ असतं. आमच्याकडे भात, नाचणी, वरई भरपूर. ओव्हन मात्र घरोघरी नाही. मोबाईल घरोघरी आहे. त्यामुळे ऑक्टोबर संपत आला की पोरं स्क्रीन नाकासमोर धरतात : ताई, हे बघ, भुताचं बिस्किट! आपण करायचं का?

करायचं की! पण त्याआधी एक प्रश्न येतोच, आणि तो मोठ्यांकडून येतो. "हे कसलं परक्यांचं खूळ?" तर त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, मग निवांत पीठ मळू.

हे खूळ कुणाचं?

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो. त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या सॉविन नावाच्या जुन्या सणात सांगतात. पिकं घरात आली, थंडी सुरू होणार, आणि त्या रात्री मेलेल्या माणसांचे आत्मे घराकडे येतात अशी समजूत. तिथे आधी भोपळे नव्हते बरं का, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. भोपळा अमेरिकेत गेल्यावर मिळाला. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत गरीब माणसं आणि मुलं दारोदार जायची, मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची आणि बदल्यात त्यांना छोटे गोल केक मिळायचे. तिकडे मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत साखरेच्या कवट्या करतात आणि पितरांसाठी खास पाव भाजतात.

आता आपल्याकडे बघा. सर्वपित्री अमावस्येला आपण खीर-वडे करून कावळ्याची वाट बघतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे आंघोळ झाली की पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतो. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. गोव्यात तर आदल्या रात्री नरकासुराचे भलेमोठे पुतळे उभे करतात. लाल डोळे, सुळे बाहेर, बघून लहान मूल आईला चिकटतं. आणि पहाटे त्याच मुलाच्या डोळ्यांसमोर तो पुतळा जाळतात. गंमत म्हणजे २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही एकाच दिवशी आले होते, ३१ ऑक्टोबरला.

म्हणजे सगळीकडे युक्ती एकच आहे. ज्याची भीती वाटते त्याला आकार द्यायचा, आणि मग ते फोडायचं, जाळायचं नाहीतर खायचं. आपण खाणार आहोत.

आणि बिस्किटं भाजणं तरी आपल्याला कुठे नवीन आहे? दिवाळीच्या आधी, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत, घरचं पीठ-तूप-साखर डब्यात भरून भट्टीवर नेणं आणि नानकटाईचे डबे भरून आणणं, हे तुमच्या आजीने नक्की केलेलं असेल. विचारून बघा.

साहित्य

साधारण २० बिस्किटं होतात. वाटी आमटीची, एकच वाटी सगळ्याला वापरा.

थिजलेलं तूप, अर्धी वाटी. वितळलेलं नको.
पिठीसाखर, अर्धी वाटी.
कणीक, १ वाटी.
भाजलेलं नाचणीचं पीठ, अर्धी वाटी.
मीठ, चिमूटभर.
दूध, लागेल तसं, चमच्याने.
वरून रंगवायला : आणखी थोडी पिठीसाखर, बिटाच्या रसाचे चार थेंब, तीळ, मनुके.

सोडा नको, बेकिंग पावडर नको. बिस्किट फुगलं की भुताचं नाक बसतं.

तूप आणि साखर ताटात घेऊन तळहाताने फेसा. पाच-सात मिनिटांत ते हलकं, पांढरट होतं. हे काम पोरांना द्या, ताट घसरतं, हात बरबटतात, त्यांना फार आवडतं. मीठ घाला. मग त्याचे दोन भाग करा. एका भागात पाऊण वाटी कणीक, हा झाला गोरा गोळा. दुसऱ्यात अर्धी वाटी नाचणी आणि उरलेली पाव वाटी कणीक, हा झाला काळा गोळा. नुसत्या नाचणीचं करू नका, लाटताना चिरा पडतात, कणीक ते धरून ठेवते. गोळा मिळून येत नसेल तर चमचाभर दूध. जास्त मळायचं नाही, ही काही पोळीची कणीक नव्हे. झाकून अर्धा तास गार जागी ठेवा.

कढईचा ओव्हन

जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई. नॉनस्टिक अजिबात नको, रिकामी तापवलेली चालत नाही. तळाला दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यात एक स्टँड किंवा उलटी वाटी ठेवा, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापू द्या. मग तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटं लांब लांब मांडून आत ठेवा आणि आच बारीक करा. १५ ते २० मिनिटं. कडा किंचित लालसर दिसल्या की काढा. गरम असताना ती मऊच लागतात, कच्ची राहिली असं वाटतं. थांबा. १० मिनिटांत गार होऊन खुसखुशीत होतात. मीठ फेकू नका, बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी भाजायला तेच वापरता येतं.

एक नियम मात्र ठरवून घ्या. मळणं, लाटणं, कापणं, रंगवणं पोरांचं. कढई मोठ्यांची. ते मीठ गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं असतं. जमिनीवर खडूने कढईभोवती रेघ मारा, आत यायचं नाही म्हणून सांगा. तरी कुणाला चटका बसलाच, तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड मोठा असेल तर सरळ दवाखाना.

पहिलं ताट : भुतांचं

साचे विकत आणू नका. साचा बाजारातला असला की भूतही बाजारातलंच होतं, तेच पांढऱ्या चादरीतलं. आपल्याकडे केवढी व्हरायटी आहे! गोळा अर्ध्या सेंटिमीटर जाडीचा लाटा आणि चमच्याच्या दांड्याने कापायला लावा.

मुंजा करा. मुंज झालेला, लग्न न झालेला पोरगा, पिंपळावर राहतो म्हणे. त्याला शेंडी हवीच. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा आल्यापासून पोरांना तो ओळखीचा आहे. हडळ करा, तिची पावलं उलटी लावायची. लहानांना उलटं-सुलटं शिकवायला याहून चांगला धडा नाही. चकवा करा. तो रात्री वाट चुकवतो, म्हणून गोल गोल चक्री, गोरा आणि काळा गोळा एकत्र वळून. आणि वेताळ, सगळ्या भुतांचा राजा. त्याला बिटाच्या रंगाचे डोळे. वेताळाचं बिस्किट ज्याच्या वाट्याला येईल त्याने आधी सगळ्यांना एक कोडं घालायचं, मगच खायचं. विक्रमाच्या पाठीवर बसून तो प्रश्नच तर विचारतो!

रंगासाठी पिठीसाखरेत दुधाचे अगदी थेंब थेंब घालत दाट पेस्ट करा, दुधाच्या पिशवीच्या तुकड्याचा कोन करून त्यातून काढा. बिस्किट पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर ओघळते. पाच वर्षांखालची पोरं असतील तर वर अख्खे शेंगदाणे लावू नका, घशात अडकतात.

आता बघा काय होतं. कुणीतरी मुंजाचं डोकं आधी खातं. कुणी हडळीचे पाय दुधात बुडवतं. आणि मधेच कुणीतरी हळूच विचारतं, "पण ताई, खरं असतं का?" हा प्रश्न हातात पीठ असतानाच येतो, एरवी नाही. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. "मला कधी दिसलं नाही. गोष्ट मात्र भारी आहे," एवढं उत्तर पुरतं. मग त्यालाच विचारा, तुला कशाची भीती वाटते? संडासला जाताना अंधाराची, विहिरीची, शाळेतल्या कुणाची, बापाच्या ओरडण्याची. जे सांगेल ते ऐकून घ्या. भुताच्या नावाखाली पोरं बरंच काही लपवत असतात.

दुसरं ताट : खऱ्या भीतीचं

आणि आता माझ्या मनातला खरा मुद्दा. एवढ्यावर थांबू नका, दुसरं ताट भरा. सापांचं.

काळ्या गोळ्याची पेन्सिलीएवढी वळी करा, भाजा, गार झाल्यावर तिच्यावर पांढऱ्या बारीक रेघा जोडीजोडीने काढा. शेपटीकडे दाट, डोक्याकडे नाहीत. हा मण्यार. गोऱ्या वळीवर काळ्या पिठाच्या ठिपक्यांच्या तीन रांगा दाबल्या की घोणस. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, तो आवाज पोरं आनंदाने काढतात. वळीचं टोक अंगठ्याने चपटं केलं की नागाचा फणा. आणि एक छोटी वळी, कडेने नागमोडी पांढरी रेघ, हे फुरसं. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप झाले एका ताटात. प्रत्येक बिस्किट खाण्याआधी एकच वाक्य म्हणायचं : "दिसला तर हात लावणार नाही, मागे सरकणार, मोठ्यांना सांगणार."

का सांगतेय? कारण आपल्या भागात भातखाचरं आहेत, गवत आहे, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी घरं आहेत. मण्यार बहुतेक रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही फारसं, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोर उठतं, पोटात दुखतं म्हणतं, पापण्या आपोआप मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. आता सांगा, ज्या घरात लहानपणापासून "झोप, नाहीतर भूत येईल" एवढंच ऐकवलं गेलंय, तिथे पहिला विचार काय येईल? बाधा झाली. मग अंगारा, मग मंत्र, मग कुणाकडे तरी नेणं. आणि तेवढ्यात श्वास बंद पडू शकतो.

महाराष्ट्रात याच्यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण पहाटे चार वाजता घरात कायद्याचं पुस्तक कोण उघडतं? तेव्हा जे आठवतं तेच होतं. म्हणून ते बिस्किटासारखं, जिभेवर, लहानपणीच बसायला हवं.

आठवायचं इतकंच : चावलेल्या माणसाला चालवायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही. करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही. साप पकडायच्या नादी लागायचं नाही. १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीने सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय. जवळचं असं रुग्णालय कुठलं, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. झोपताना शक्य तर खाट, नाहीतर मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली. रात्री बाहेर जाताना बॅटरी. बॅटरी नसली तर मोबाईल आहेच ना, निदान त्या कामाला तरी येऊ दे!

मी भुतांच्या गोष्टींच्या विरोधात नाही हं. लाईट गेल्यावर आजीने सांगितलेली चकव्याची गोष्ट मला अजूनही हवी असते. गोष्ट ऐकून अंगावर काटा आला पाहिजे, त्यात मजाच आहे. फक्त पोराला जेववायला, झोपवायला, गप्प बसवायला भूत वापरू नका. भुताचं ताट वेगळं आणि सापाचं ताट वेगळं, हे त्याला लहानपणीच कळू दे. भ्यायचं कुठे आणि हसायचं कुठे, हे एकदा कळलं की ते पोरगं अंधारातसुद्धा बॅटरी घेऊन नीट खाली बघत चालतं.

बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकतात. म्हणजे, उरली तर!

तुमच्या भागात आणखी कुठली भुतं असतील तर त्यांची नावं आणि त्यांचा आकार मला नक्की कळवा, पुढच्या वर्षीच्या ताटात त्यांना जागा देऊ. आणि सुट्टीत ज्या ताईच्या, दादाच्या, मामाच्या घरी पोरं गोळा होतात, त्यांना हा भाग आजच पाठवून द्या. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कढई जपून!