वहीतलं विमान
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



वायुदलात होतो म्हटलं की लोक विचारतात, "विमान उडवायचात का?" नाही. माझी नोकरी जमिनीवरची. कोणतं विमान कधी उडवायचं आणि कधी देखभालीसाठी उभं करायचं, याचा हिशेब मी ठेवायचो.

ठरावीक उड्डाण-तास झाले किंवा ठरावीक मुदत संपली, जे आधी होईल तेव्हा विमानाचं सर्व्हिसिंग करावंच लागतं. इंजिनाची मुदत वेगळी, इजेक्शन सीटमधल्या काडतुसांची वेगळी. आता घरातली पाचही पातेली एकाच दिवशी कल्हईला दिली, तर स्वयंपाक कशात करणार? म्हणून एक विमान जास्त उडवायचं, दुसरं राखायचं. उरलेल्या तासांचा तक्ता जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसला की आम्ही निश्चिंत!

लहान कामं स्क्वाड्रनमध्येच होतात. मोठ्या कामांसाठी बेस रिपेअर डेपो. सुखोई-३० चं ओव्हरहॉल आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ११ बीआरडीत होतं आणि मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. हिंडनहून उडालेलं सी-१७ आपल्या गच्चीवरून जातं, त्यामागेही असाच कुणाचा तरी तक्ता असतो.

आज माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका सीटच्या काडतुसाची मुदत मी वहीत चुकून पुढच्या महिन्यात लिहिली. एका सकाळी पान ताडून पाहताना ते ध्यानात आलं. मुदत आदल्याच दिवशी संपलेली आणि वैमानिक विमानाकडे निघालेला. क्षणभर वाटलं, एका दिवसानं काय बिघडतंय? पण प्रसंग आला तर त्याचा जीव त्याच काडतुसावर. फोन केला, विमान थांबवलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. दिवसभराचा कार्यक्रम विस्कटला, भरपूर बोलणी खाल्ली. संध्याकाळी तोच वैमानिक आला. चहाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी बसला. बोलला काहीच नाही. त्या दिवसापासून दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय मी कधी पान मिटलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून ६२ वर्षांची सेवा! टीव्हीवर सगळे विमानाकडे पाहत होते. मला मात्र त्या ६२ वर्षांच्या वह्या आणि त्या लिहिणारे हात आठवत होते.

आपल्या मंडळातल्या मुलामुलींना एवढंच सांगेन: अभियांत्रिकीनंतर वायुदलाच्या तांत्रिक शाखेचाही विचार करा. तिथे टाळ्या कमी मिळतात. पण उडालेलं प्रत्येक विमान संध्याकाळी परत आलेलं मोजताना जे समाधान मिळतं, ते मी आयुष्यभर अनुभवलं.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र!